पांढरं कुठून घ्यायचं

उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा चुडामण बोरसेला पहिल्यांदा दिसली ती डॉक्टरांच्या कोटाची कॉलर, आणि ती इतकी पांढरी होती की जादा उजेडाने हा शॉट कुणी जाळला, असंच त्याच्या मनात आलं. जळगावचे डॉक्टर संयम हे तीन पिढ्यांच्या कापडवाल्या घरातले. आजोबा चंपालाल शेठ मलमल विकत, नातू लोकांच्या डोळ्यांतली मलमल काढून देतो, एवढाच धंद्यात फरक पडलेला. "मोतीबिंदू चांगलाच पिकला होता, काका," डॉक्टर बॅटरी विझवत म्हणाले. "इतकी वर्षं मधाच्या बाटलीतून बघत होतात तुम्ही. आता थोडे दिवस सगळं निळसर वाटेल. ते निळं नाही, खरं आहे." पस्तीस वर्षं कॅमेऱ्यामागे काढलेल्या माणसाला खरा रंग कोणता हे एक पोरगं सांगत होतं, पण चुडामणला राग आला नाही, कारण तो बघण्यात गुंतला होता. उशीची खोळ पांढरी होती. भिंत, जी काल संध्याकाळी त्याला जुन्या पेढ्यासारखी वाटली होती, ती पांढरी होती. ट्यूबलाईट तर अशी पांढरी की तिच्याकडे बघून शिंक यावी. स्टुलावर त्याची बायको पुष्पाबाई मांडीवर डबा घेऊन बसली होती आणि तिच्या गर्द हिरव्या साडीवरचे ठिपके, जे तो आजवर बदामी समजत होता, तेही पांढरेच निघाले. मग तिने वर बघितलं. "दिखस का?" तिने विचारलं. सगळ्या खोलीचा पिवळा कुणीतरी पिळून काढला होता आणि तो सगळाच्या सगळा तिच्या डोळ्यांत जाऊन बसला होता.

त्याने उजवा डोळा मिटला. डाव्या, अजून न कापलेल्या डोळ्यात ती नेहमीची होती: गव्हाळ, जरा थकलेली, एकूण झकास. डावा मिटला. पिवळी. "काय डोळे मिचकावता पोरांसारखे," ती हसून म्हणाली, आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला उगीचच कौतुक वाटलं. तपासणीपासून पट्टी सुटेपर्यंत पुष्पाबाई दोन दिवस या डोळ्यांच्या दवाखान्यात बसून होती. दोन डॉक्टर, तीन नर्सा, चष्म्याचा नंबर काढणारा एक मनुष्य आणि डोळ्यांत थेंब घालणारी एक चुणचुणीत मुलगी तिच्यासमोरून गेली, तिच्याशी बोलली, तिला सरकून बसायला सांगितलं. तिच्या डोळ्यांकडे कुणी बघितलं नाही. बघणार कसं, केसपेपर त्याच्या नावाचा होता.

धुळ्याची बस लागली होती. डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा घालून चुडामण खिडकीशी बसला आणि बस शहराबाहेर पडताच त्याने तो नाकावर खाली ओढला. तपासणी त्याला येत होती, फक्त ती कधी घरच्या माणसावर करावी लागली नव्हती. पडद्यावर रंग बिघडला तर चूक चारच ठिकाणी असते. आधी लेन्स बघायची. लेन्स तर कालच नवी बसवलेली, तीही परदेशी. मग लाईट. लाईट सूर्याचा होता, त्याला फिल्टर लावायची सोय अजून निघालेली नाही. मग फिल्म, म्हणजे त्याचं डोकं. ते जिनिंगच्या आवारातला कापसाचा ढीग पांढरा दाखवत होतं, कंडक्टरचे दात पिवळे दाखवत होतं आणि एरंडोलच्या फाट्यावर केळीच्या ट्रकमधली केळी हिरवी दाखवत होतं, म्हणजे तेही ठीक होतं. शेवटी राहतं ते समोरचं माणूस. तिथे मात्र कॅमेरामन कधी पोचत नाही. समोरचं माणूस जे असेल ते असतं, त्याला चांगलं दाखवायचं, एवढ्यासाठीच तर बोलावलेलं असतं. शेजारी पुष्पाबाई मनगट खाजवत होती. काचेच्या बांगड्या एकसारख्या वाजत होत्या, आणि हा आवाज आपल्या ओळखीचा आहे हे त्याच्या लक्षात आलं. गेल्या दोन महिन्यांत, घरी तिच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ काढताना, याच आवाजासाठी तो तिच्यावर दोनदा ओरडला होता: "अगं, बांगड्या माईकमध्ये येताहेत. खाजवायचं असेल तर शूटिंगच्या आधी खाजवून घे." ती मुकाट्याने आधी खाजवून घेऊ लागली होती.

पांढरं कुठून घ्यायचं हे त्याला शिकवलं बन्सीलाल फोटोवाल्यांनी. दोंडाईच्याच्या बाजारात त्यांचा स्टुडिओ होता; समोर मिरचीचे ढीग पडत, त्यामुळे फोटो काढून घ्यायला आलेली प्रत्येक नवरी शिंकत आणि डोळे पुसतच खुर्चीवर बसे, आणि पुढे सासरी फोटो बघून लोक म्हणत, माहेर सोडताना पोर किती रडली बघा. चुडामणने शाळा सोडली नव्हती, शाळेनेच त्याचा नाद सोडला होता. तो तिथे पडदे ओढायला लागला. रंगीत फोटो नवे होते आणि कुणाचाच रंग बरोबर येत नव्हता. बन्सीलाल प्रिंट उजेडात धरत आणि म्हणत, "कपड्यावरून पांढरं ठरवू नको, त्याला नीळ घातलेली असते. भिंतीवरून नको, तो चुना. पांढरं शोधायचं तर माणसाच्या डोळ्यात शोध. डोळ्याला कुणी नीळ घालत नाही." हे वाक्य घेऊन चुडामण मुंबईला गेला आणि त्यावर त्याचा संसार झाला. दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांचा फोकस ओढण्यात त्याची जवानी गेली. मग एका पौराणिक मालिकेत देवांच्या डोक्यामागची वलयं लावायचं काम मिळालं. ती वलयं लोकांना इतकी पटली की चाळीतल्या बायका त्याच्याच पाया पडायच्या. मग भुताचे सिनेमे. मग दोन बरे सिनेमे. त्यांतल्या एकाच्या कपाशीच्या शेतातल्या उजेडाबद्दल वर्तमानपत्रांत फार छान लिहून आलं, दिग्दर्शकाचं नाव घेऊन. श्रेयनामावलीत चुडामणचं नाव 'चंद्रमणी' असं छापलं होतं. त्याने दुरुस्तीचा आग्रह धरला नाही. वडिलांना ते नाव जास्त आवडलं होतं.

पण धंद्यात त्याची खरी किंमत होती ती वेगळ्या गोष्टीला. रात्रभर पिऊन आलेल्या नायकाचे डोळे तो सकाळच्या पहिल्या शॉटला दुधासारखे करून देई. नायिका व्हॅनमधून उतरली की आधी त्याच्याकडे येई. "बोरसेभाऊ, आज झोप नाही झाली. डोळ्यांखालचं जरा सांभाळून घ्या ना." तो तिची हनुवटी दोन बोटांनी धरून उजेडाकडे फिरवी, अंगठ्याने खालची पापणी हलकेच ओढून बघे, आणि मग लाईटवाल्याला एक लाईट खाली घ्यायला सांगे. काविळीतून उठलेला एक खलनायक त्याने दहा दिवस असा दाखवला की निर्मात्याला विम्याची भीती वाटेनाशी झाली. लोक म्हणत, बोरसेच्या फ्रेममध्ये आजारी माणूस नाही. तो ते मिरवत असे. सासुरवाडीला गेला की मुद्दाम सांगे. पुष्पाबाई ताटं वाढता वाढता ऐके आणि म्हणे, "मना एक फोटो बी नही काढा कधी." सगळे हसत. तिचा लग्नातला एक फोटो होता, बन्सीलालनेच काढलेला, शिंकेच्या जरासा आधीचा.

पारोळा आलं. किल्ल्याच्या बाजूला उन्हात दगड इतके स्वच्छ दिसत होते की त्यातला एकेक मोजावा. पुष्पाबाईने डबा उघडून त्याच्यापुढे धरला. स्वतः काही घेतलं नाही. "तू खा ना." "माले भूक नही." कधीपासून नाही, हे त्याने विचारलं नाही, कारण त्याला उत्तर माहीत आहे असं एकदम वाटलं. गल्लीतल्या बायका महिनाभर तिला म्हणत होत्या, पुष्पाताई, काय बारीक झालात हो, काय करता सांगा ना. आणि तीही बिचारी लाजून, "काही नही, चालणं वाढवलं," असं खोटंच सांगत होती. आणि मग बस स्टँडवरून हलली तसं त्याला ते आठवलं, जे तो जळगावपासून आठवू नये म्हणून बाहेरचा कापूस आणि केळी बघत आला होता.

मुंबईत नवी पोरं आली, संगणकात तयार रंग घेऊन आली. दिग्दर्शक शूटिंगलाच म्हणू लागले, रंगाचं नंतर बघू. नंतर बघणारा दुसराच असे. चुडामण धुळ्याला परतला, देवपुरात घर होतं. वर्ष-दोन वर्षं त्याने खान्देशी गाण्यांचे अल्बम केले: एक मुलगी, एक केळीचा बाग, वरून ड्रोन. मग सुरतला दिलेल्या मुलीनं, पुनमनं, सुचवलं: आईच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ करा ना पप्पा, दोघांचा वेळ जाईल. चॅनेल चाललं. दर शनिवारी पुष्पाबाई काहीतरी रांधू लागली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तो तिच्याकडे टक लावून बघू लागला. म्हणजे तिच्या हातांकडे, परातीकडे, वांग्याकडे. तिचं तोंड फ्रेममध्ये असे ते एका कामापुरतं. शूटिंग झालं की तो संगणकावर रंग बसवायला घेई, त्यातलं ड्रॉपरचं चिन्ह उचली आणि तिच्या डोळ्याच्या पांढऱ्यावर ठेवून टिचकी मारी. हे पांढरं आहे, असं यंत्राला सांगायचं. बाकीचं घर यंत्र आपोआप त्या हिशोबाने रंगवतं. बन्सीलालचं वाक्य यंत्रातही चालत होतं, याचं त्याला कोण समाधान. आणि डिसेंबरच्या सुमारास, कपाशीच्या वाळक्या काट्यांवर वांगी भाजून झाल्यावर, ती मेकअपच्या पेटीतला छोटा आरसा घेऊन आली. "अहो, मना डोया पिवया दिखतस का हो?" त्याने तिची हनुवटी दोन बोटांनी धरली. उजेडाकडे फिरवली. अंगठ्याने खालची पापणी हलकेच ओढली. इतक्या वर्षांत इतक्या बायांच्या हनुवट्या धरल्या, हिची पहिल्यांदा धरली, हे त्याच्या लक्षात आलं आणि तिच्याही आलं असावं, कारण ती नव्या नवरीसारखी हसली. भाजल्या वांग्याचा धूर तिच्या केसांत होता. "काही नाही," तो म्हणाला. "वरचा बल्ब पिवळा आहे. पस्तीस वर्षं हेच केलंय मी." "तुम्हीच सांगताय म्हणजे नसीनच," ती म्हणाली आणि आरसा परत पेटीत ठेवून आली. पुन्हा तिने विचारलं नाही. तज्ज्ञाचं मत घेऊन झालं होतं.

घरी पोचल्यावर पडद्याकडे बघायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. पुष्पाबाई आंघोळीला गेली तशी त्याने संगणक लावला आणि जुने भाग उजव्या डोळ्याने बघायला बसला. दिवाळीचे भाग चांगले होते. मग भिंत निळसर होत गेली. पुढच्या भागात ओटा निळा. त्याच्या पुढच्यात कोथिंबीर अशी निळी की गायीनेही तोंड लावू नये, आणि परातीतलं भरीत तर शाईच्या दौतीत भाजल्यासारखं. खाली लोकांनी वेळोवेळी लिहिलंच होतं: 'भरीत निळं काबरं दिखस ताई?' 'काका, कॅमेरा दाखवून घ्या.' एकाने सभ्यपणे विचारलं होतं, ही वांग्याची वेगळी जात आहे का, बियाणं कुठे मिळेल. चुडामणने प्रत्येकाला उत्तर दिलं होतं: 'मोबाईलचा ब्राइटनेस तपासा.' त्याला स्वतःला ते कधी निळं दिसलंच नव्हतं; त्याच्या मधाच्या बाटलीतून ते बेतशीर दिसत होतं. यंत्र आठवड्यामागून आठवडे ओरडून सांगत होतं, की तुम्ही ज्याला पांढरं म्हणता ते पिवळं आहे, म्हणून मला अख्खं घर निळं करावं लागतंय. तो म्हणत होता, तू कर. आणि त्या निळ्या ओट्याशी, निळ्या भिंतीपुढे, निळ्या वाफेत उभ्या असलेल्या बाईचे डोळे तेवढे शुभ्र होते. प्रत्येक भागाखाली पहिली प्रतिक्रिया पुनमची असे, एक बदाम आणि एक ओळ: 'आई किती फ्रेश दिसते!' डोळ्याला कुणी नीळ घालत नाही. त्याने घातली होती, दर शनिवारी, ताजी.

दुसऱ्या दिवशी कॉलनीतल्या डॉक्टरांनी पुष्पाबाईला खुर्चीवरून उठवलं. "खिडकीपाशी या ताई, दिवसाच्या उजेडात बघू." चुडामणला वाटलं, माणूस हुशार आहे. डॉक्टरांनी हनुवटी धरली, पापणी ओढली, आणि इतकं कमी बोलले की ते घाबरले आहेत हे कळलं. "कधीपासून आहे हे? घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?" चुडामणने तोंड उघडलं, पण पुष्पाबाई आधीच बोलली. "यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता ना," ती म्हणाली, शहरी मराठीत, डॉक्टरांशी बोलायच्या ठेवणीतल्या. त्याच्यासाठी आयुष्यात कुणी इतका सुंदर लाईट लावला नव्हता. पुढचे चार दिवस सोनोग्राफी आणि मोठ्या मशीनमध्ये गेले. पित्ताच्या नळीच्या तोंडाशी गाठ होती आणि ती तिथे थांबलेली नव्हती. नळी टाकून कावीळ उतरवता येईल. बाकीचं ऑपरेशन आता होण्यासारखं नाही. "दोन महिने आधी आला..." असं वाक्य डॉक्टरांनी सुरू केलं, पुष्पाबाईकडे बघितलं, आणि ते पथ्यपाण्यावर नेऊन संपवलं.

रिक्षात ती म्हणाली, "पुनमले सांगानं नही."

"सांगायला तर लागेल ना."

"आखाजीले यी ती, तवय दखू. आत्तेन काय, सुरतमा बशीसन रडी ती. शप्पथ शे तुमले."

"तुला केव्हापासून वाटत होतं?"

"मी रोज आरसामा दखू ना," ती सहज म्हणाली. "पन तुम्ही बल्ब सांगा. मंग म्हटलं, आधी तुमना डोया व्हवू द्या." आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "भाऊ, जरा हळू घे. यांच्या डोळ्याला दणका बसायला नको."

घरात तो दोन्ही डोळ्यांनी वागायला शिकला. जेवताना, ती समोर बसली की उजवा मिटून घेई. डाव्या डोळ्यात ती बरी होती; तिथे अजून डिसेंबर होता, धूर होता, ती हसत होती. डाव्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात करून टाकू, म्हणजे दोन्ही सारखे होतील, असा जळगावहून फोन आला तेव्हा त्याने, बघू, म्हटलं. फोन ठेवल्यावर त्याला कळलं की तो एका खराब लेन्सला जपतोय, कारण चांगलं माणूस फक्त तिच्यातच दिसतं. आयुष्यभर त्याने दुसरं काय केलं होतं? फक्त तेव्हा त्याला त्याचे पैसे मिळत.

शनिवार उजाडला. जळगावला जायच्या आधी चित्रित केलेला एक भाग पडून होता, भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. "टाकी द्या ना तो," पुष्पाबाई स्वयंपाकघरातून म्हणाली. "शनिवार शे. नही टाका ते पोर फोन करी, काय व्हयनं म्हणी." चुडामण संगणकापुढे बसला. पडद्यावर ती भाकरी थापत होती, मग वर बघून हसली, तिथे त्याने चित्र थांबवलं. ड्रॉपर उचलला. सवयीने तो तिच्या डोळ्यावर जाऊन थांबला. एक टिचकी मारली की डोळे शुभ्र होणार होते, सुरतला बदाम उमटणार होता, आखाजीपर्यंत सगळं फ्रेश राहणार होतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, वैशाखात. डॉक्टरांनी वैशाखाबद्दल विचारल्यावर टेबलावरचा पेपरवेट फिरवला होता. पोर आखाजीला येईल, झोका बांधायला सांगेल, आणि... इथे त्याला पुढची फ्रेम लावता येईना. शब्दांनी सांगायचं नाही अशी शपथ होती, आणि शब्द त्याच्याकडे तसेही नव्हते. त्याला फक्त दाखवता येत होतं, आणि तेही कायम झाकून. त्याने डावा डोळा मिटला. ड्रॉपर डोळ्यावरून काढला, फ्रेमभर हिंडवला, आणि ओट्यावरच्या वाटीतल्या मिठावर ठेवला.

टिचकीसरशी घर जागेवर आलं. भिंत भिंतीसारखी झाली. कोथिंबीर हिरवी, मिरच्या हिरव्या, भरीत जसं त्याच्या आईच्या हातचं असायचं तसं, धुरकट, तेल सुटलेलं. आणि मधोमध ती, हळदीचा हात कुणी तोंडावरून फिरवावा तशी, डोळ्यांसकट. मागे बांगड्या वाजल्या. ती केव्हा येऊन उभी राहिली होती कोण जाणे. बराच वेळ ती पडद्याकडे बघत राहिली.

"अशी दिखस मी?"

"हो."

"आनी तुम्ही हाई इतला दिवस पुसत व्हतात?"

ती पदराने हात पुसत होती. हात कोरडेच होते. "भरीत चांगलं उनं पन," ती म्हणाली, आणि शपथेबद्दल हो किंवा नाही काहीच न म्हणता आत गेली. चुडामणने भाग चॅनेलवर टाकला.

पहिली प्रतिक्रिया पुनमची नव्हती. कुणी नशिराबादचा मनुष्य होता: 'ताई आज भरीत एकदम बरोबर दिखस! काका नवा कॅमेरा लिना का?' त्याच्याखाली आणखी दोघांनी अंगठे दाखवले होते. इतक्या वर्षांत त्याच्या रंगाचं त्याच्याच नावावर झालेलं हे पहिलं कौतुक. ते वाचेपर्यंत फोन थरथरायला लागला. पुनमचा, चेहरा दिसणारा. तो टेबलावर सरकत सरकत कडेपर्यंत आला, थांबला, आणि पुन्हा थरथरू लागला.

"घ्या ना," आतून आवाज आला. "पोर शे."

त्याने फोन कडेवरून नुसता मागे सरकवला. स्वयंपाकघरातून टक्क असा आवाज झाला. तिने वरचा पिवळा बल्ब बंद केला होता. मग खिडकीची कडी सरकली. ती स्टूल ओढत घेऊन बाहेर आली, दिवाणखान्याचीही खिडकी उघडली, पडदा बाजूला केला, आणि त्याने हजार बायांना बसवलं होतं तशी, पण कुणालाही कधी बसवलं नव्हतं अशी, उन्हाकडे सरळ तोंड करून बसली. पदर नीट केला. डोळे मोठे उघडले.

"हां," ती म्हणाली. "आते द्या फोन."